भालकीकरांची काष्ठसेवा

दिगंबरराव भालकीकर महसूल खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. सगळ्या नोकरीत त्यांनी कुणाचा अर्ज नाकारला नाही. ते अर्जावर शंका काढून तो परत पाठवत. शंकेचं उत्तर आलं की उत्तरावर शंका काढत. अर्जदार थकून यायचा बंद झाला तरी दिगंबररावांनी त्याला नाही म्हटलेलं नसे. त्यामुळे खात्यात ते सज्जन म्हणून ओळखले जात.

निवृत्तीनंतर माणसाला आपलं म्हणून काहीतरी लागतं. दिगंबररावांकडे लाकडं होती.

विद्यानगरच्या दत्त उपासक मंडळात दत्तजयंतीचा नैवेद्य लाकडाच्या चुलींवर शिजतो. त्या चुलींसाठी लाकडं फोडण्याला मंडळात काष्ठसेवा म्हणतात. ती सोवळ्यात करायची. म्हणजे अंघोळ करून, रेशमी कद नेसून, सेवा संपेपर्यंत कुणाला शिवू न देता. दिगंबररावांचे वडील निजामाच्या काळी कोर्टात पेशकार होते, तेव्हा ही सेवा त्यांच्याकडे होती. वडिलांमागे ती मुलाकडे आली. सेवेकऱ्याला मान असा की पहिल्या पंगतीत पुजाऱ्याशेजारचं पहिलं पान त्याचं, आणि वाढप त्याच्यापासून सुरू. जामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा मान कुणी देत नाही. तिथे मुलगा चेतन लॅपटॉपसमोर बसून अमेरिकेशी बोलत बोलत जेवतो, नात केतकी फोनसमोर जेवते, आणि दिगंबररावांचं ताट झाकून ठेवलेलं असतं. वर्षातून एक दिवस मात्र सगळी पंगत त्यांच्या पहिल्या घासासाठी थांबते. बाकीचं वर्ष ते या दिवसाची वाट पाहण्यात किंवा त्याची आठवण सांगण्यात घालवत.

आता ही सेवा प्रत्यक्षात कशी चाले ते सांगायला हवं. काचिगुड्याच्या लकडीच्या अड्ड्यावरचा यादगिरी आदल्या संध्याकाळी येई आणि सगळं लाकूड फोडून मंडळाच्या मागच्या अंगणात रचून जाई. थोडे ओंडके तो वेगळे ठेवी. त्यांत पाचर ठोकून ते बुडापर्यंत चिरायचे आणि पुन्हा जुळवून उभे करायचे. लांबून पाहिलं तर अखंड दिसत. सकाळी दिगंबरराव लाल कद सावरत येत, कुऱ्हाडीला कुंकू लावत, दत्ताचं नाव घेत आणि घाव घालत. ओंडका दोहीकडे पडे. जमलेले लोक हात जोडत. उरलेले ओंडकेही असेच भराभर पडत आणि दिगंबरराव सावलीत बसून हळदीचं दूध घेत.

हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. अंतरपाटापलीकडे कोण उभं आहे हे नवऱ्यामुलाला ठाऊक असतं, तितकंच. पाट धरलेला आहे तोवर डोकावायचं नाही, एवढी रीत सगळे पाळत होते. अलीकडे दिगंबररावांचा उजवा खांदा आखडला होता आणि डॉक्टरांनी हात डोक्यावर न्यायला मनाई केली होती. पत्नी कमलताई रोज रात्री त्यांना तेल चोळून देत. पण चिरलेल्या ओंडक्याला फारसा खांदा लागत नाही.

या रीतीत खोडा घातला तो हिम्मतराव बिरादारांनी.

हिम्मतराव देगलूरकडच्या शेतकरी घराण्यातले. वडिलांनी शहरात येऊन पंपसेट विकायला सुरुवात केली. आज आबिड्सला त्यांचं शेती अवजारांचं दुकान आहे आणि दुकानावर मुलगा गौतम बसतो. मंडळाचा मंडप, खुर्च्या, माईक, पाण्याच्या टाक्या, सगळ्यांवर बिरादारांचं नाव आहे. लहानपणी गावाकडे त्यांनी खरोखर लाकडं फोडली होती, आणि ही गोष्ट ते कुणी न विचारता सांगत. काष्ठसेवा आपल्याला मिळावी असा अर्ज त्यांनी मंडळाकडे दोनदा केला होता. पहिल्या अर्जावर दिगंबररावांनी विचारलं, सोवळ्याचा पूर्वानुभव आहे काय? दुसऱ्यावर विचारलं, चालू सेवेकरी हयात असताना सेवा रिकामी आहे असं कोणत्या आधारावर समजलात? हिम्मतराव दोन्ही वेळा हसले आणि दोन्ही वेळा मंडळाला पंखे देऊन गेले.

यंदा दत्तजयंतीच्या तयारीच्या बैठकीत ते उभे राहिले.

"यावर्षी पंखे नाहीत. लाकूड फोडायचं यंत्र आणलंय. हायड्रॉलिक. ओंडका उभा करायचा, दांडा ओढायचा, वरून पाचर उतरती आन् खलास. माझ्या तर्फे मंडळाला अर्पण."

टाळ्या झाल्या. दिगंबररावांनी त्या संपू दिल्या.

"छान आहे," ते म्हणाले. "एक शंका आहे. यंत्राला सोवळं कसं नेसवणार?"

लोक हसले. हिम्मतरावही हसले. "नेसवू की साहेब. तुमचा जुना कद द्या, शिवून कव्हर करतो."

"चेष्टा नाही. ते कुठे बनलं, कुणी हाताळलं, त्यात रबर आहे, कातडं आहे की काय, कुणी सांगावं?"

"कुऱ्हाड कुठं बनली साहेब? काशीला?"

"कुऱ्हाड माझ्या वडिलांची आहे."

"ते खरं. पण वडलांनी ती घरी तर वितळवली नसंल?"

आता बैठकीला रंग चढला. अध्यक्षा चारुलताबाईंनी टेबलावर पेन आपटलं. चारुलताबाई जामबागेतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्यापासून त्या मंडळालाच शाळा समजत.

"दिगंबरराव, तुमची हरकत नेमकी काय आहे ते एका वाक्यात सांगा."

इथे दिगंबररावांनी सोवळ्यावरच थांबायला हवं होतं. सोवळ्यावर आणखी पुष्कळ शंका निघाल्या असत्या आणि दत्तजयंती उलटून गेली असती. पण टाळ्या त्यांना लागल्या होत्या.

"जे हातानं उत्तम होतं ते यंत्राला कशाला द्यायचं?" ते म्हणाले.

कुणी पंख्याकडे पाहिलं, कुणी चपलांकडे. अंतरपाट थोडा हलला होता.

"असं म्हणता?" हिम्मतराव म्हणाले. "मग होऊन जाऊ द्या. एकीकडं तुम्ही, एकीकडं यंत्र. रविवारी. बघू द्या लोकांना."

"प्रात्यक्षिक," चारुलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते मंजूर केलं.

घरी कमलताईंनी सगळं ऐकून घेतलं. तेलाची वाटी खाली ठेवली.

"अहो, तुम्ही तिथे हो म्हणालात?"

"मी हो म्हणालो नाही. मी हरकत घेतली नाही."

"आणि खांदा?"

"यादगिरी आहे."

केतकी फोनमधून वर आली. "आजोबा, मी रील करते. हँडमेड वर्सेस मशीन. एकदम ट्रेंडिंग टॉपिक आहे. तुम्ही फक्त अॅक्स वर न्या आणि दोन सेकंद तशीच धरा."

"दोन सेकंद वर धरायची म्हणजे डॉक्टरांना बोलवावं लागेल," कमलताई म्हणाल्या.

"आजी, निगेटिव्ह नको ना बोलूस. हे हेरिटेज आहे."

दिगंबररावांना हेरिटेज हा शब्द आवडला. दुसऱ्या दिवशी ते अड्ड्यावर गेले. यादगिरी वखारीच्या दाराशी विडी ओढत होता.

"यादगिरी, इतवार को मेरे हिस्से के सब फोड के जोड के रखना. सब के सब. एक भी साबुत नक्को."

"हौ साब. हर साल का कामच है. और बिरादार साब के?"

"उनके जैसे है वैसेच. इमली के दे. गाठवाले."

"हौ," यादगिरी म्हणाला. त्यात त्याला वावगं काही वाटलं नाही. दिगंबररावांनाही वाटलं नाही. यंत्राची क्षमता नीट तपासली जावी एवढीच त्यांची इच्छा होती.

रविवारी मागच्या अंगणात सगळं मंडळ जमलं. एका बाजूला कुंकू लावलेली कुऱ्हाड आणि दिगंबररावांचे ओंडके. दुसऱ्या बाजूला हिरव्या रंगाचं, माणसाएवढ्या उंचीचं यंत्र, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार आणि शेजारी चिंचेचे गाठाळ ओंडके. गौतमने दोरी ओढून इंजिन चालू केलं. पेट्रोलचा वास सुटला. कद नेसलेले दिगंबरराव धुरापासून दूर सरकले.

चारुलताबाई दोन्ही ढिगांभोवती फिरल्या. परीक्षेच्या हॉलमध्ये फिरावं तशा.

"हे बरोबर नाही," त्या म्हणाल्या. "दोघांना वेगवेगळे पेपर दिलेत. सगळे ओंडके एकत्र करा. मग एक इकडे, एक तिकडे, असे वाटा."

"काही गरज नाही," दिगंबरराव म्हणाले. ते जरा घाईने म्हणाले.

"गरज आहे. उद्या कुणी म्हणेल भेदभाव झाला."

"कोरडं लाकूड कुणीबी हाताळलं तर चालतंय ना, साहेब?" हिम्मतरावांनी विचारलं. "सोवळ्याला अडचण नाही?"

कोरड्या लाकडाला सोवळं-ओवळं नसतं हे दिगंबररावांनीच मंडळाला शिकवलं होतं. नाहीतर यादगिरीचं काय सांगणार? स्वयंसेवकांनी ओंडके उचलले, सरमिसळ केली आणि वाटले. चिरलेले ओंडके उचलताना एक-दोघांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी ते अलगद जुळवून ठेवले. मंडळाचे लोक संस्कारी आहेत.

पहिला ओंडका दिगंबररावांना यादगिरीने चिरलेला मिळाला. त्यांनी दत्ताचं नाव घेतलं, घाव घातला आणि तो फुलासारखा उमलला. टाळ्या. केतकी ओरडली, "आजोबा, फायर!"

मग यंत्राची पाळी. गौतमने ओंडका उचलून पाटावर ठेवला, तर ठेवताठेवताच त्याचे दोन तुकडे होऊन एक त्याच्या पायावर पडला. पाचर अजून वर होती.

"यंत्र बघूनच भ्यालं की ते!" मागून कुणीतरी म्हणालं. हिम्मतरावांनी तो तुकडा हातात घेतला, त्याची आतली बाजू निरखली, पाचरीचा जुना ओरखडा बोटाने चाचपला आणि तो तुकडा ढिगावर टाकला.

दुसरा ओंडका चिंचेचा, गाठाळ, अखंड होता. दिगंबररावांना ते घाव घालेपर्यंत कळलं नाही. कुऱ्हाड कडेला पडली, तीन बोटं आत गेली आणि बसली. त्यांनी दांडा हलवला. मग दोन्ही हातांनी हलवला. मग ओंडक्यावर पाय देऊन ओढला. कद सुटायला आला. ओंडका आणि कुऱ्हाड यांनी एकमेकांना सोडायचं नाही असं ठरवलं होतं. खांद्यातून कळ गेली आणि दिगंबररावांच्या तोंडून जे निघालं ते दत्ताचं नाव नव्हतं.

दोन तरुण पुढे धावले.

"शिवू नका!" दिगंबरराव ओरडले. "कुऱ्हाड सोवळ्यात आहे!"

तरुण जागच्या जागी थांबले. इंजिन चालूच होतं. हिम्मतरावांनी बाह्या वर सारल्या. त्यांनी चपला काढल्या, तिथल्या नळावर हातपाय धुतले आणि पुढे आले.

"सरा साहेब. मी काढतो. आन् फोडूनबी दाखवतो. लहानपणी गावाकडं..."

दिगंबररावांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. रुंद मनगटं, दुकानात बसूनही न गेलेले घट्टे. हा माणूस कुऱ्हाड काढेल, मग तिनेच हा ओंडका फोडेल, मग पुढचा. लोक टाळ्या वाजवतील. मग पुढच्या वर्षी पहिलं पान कुणाचं, हे ठरवायला बैठकसुद्धा लागणार नाही. हिम्मतराव एक पाऊल पुढे आले. दिगंबररावांना आयुष्यात प्रथमच शंका काढायला वेळ मिळाला नाही.

"थांबा!" ते म्हणाले. "ओंडका यंत्रात ठेवा. कुऱ्हाडीसकट. कुऱ्हाडीला हात न लावता."

चौघांनी ओंडका उचलून यंत्राच्या पाटावर उभा केला. कुऱ्हाडीचा दांडा एका बाजूला शेपटीसारखा बाहेर आला होता. गौतम यंत्राचा दांडा ओढायला सरसावला.

"तू नको. मी."

दिगंबररावांनी यंत्राचा दांडा खाली ओढला. पाचर सावकाश उतरली, चिंचेत शिरली, लाकूड करकरलं, गाठ फुटली आणि कुऱ्हाड खणकन जमिनीवर पडली. त्यांच्या खांद्याला काहीही झालं नाही. त्यांनी दांडा वर केला. पाचर वर गेली. पुन्हा खाली ओढला, समोर काही नसताना.

"पण साहेब, यंत्राला सोवळं नाही म्हणालात," हिम्मतराव म्हणाले.

दिगंबररावांनी कदाचा काचा घट्ट केला. तेवढ्या वेळात त्यांचं टिपण तयार झालं होतं.

"त्यावर विचार झालेला आहे," ते म्हणाले. "एक म्हणजे, यंत्र धातूचं आहे. धातूला दोष नाही, अन्यथा तांब्याची भांडी वापरता आली नसती. दुसरं, त्याचं बळ तेलावर चालतं, पाण्यावर नाही. तळणीच्या पदार्थाला आपण खरकटं मानत नाही. पुरीला जो न्याय तोच या यंत्राला. आणि तिसरं म्हणजे, आत्ता सोवळ्यातल्या माणसाचा हात त्याला लागला. तेव्हा ते सोवळ्यात आलेलं आहे. यापुढे ओवळ्या माणसानं त्याला हात लावू नये."

शेवटचं वाक्य त्यांनी हिम्मतरावांकडे पाहून म्हटलं.

अंगणात कुजबुज झाली. पुरीचा मुद्दा बिनतोड होता. चारुलताबाईंनी दोन्ही पक्षांना उत्तीर्ण केलं. यंत्र स्वीकारलं गेलं, काष्ठसेवा दिगंबररावांकडे राहिली, आणि यंत्रावर बिरादारांच्या नावाच्या पाटीखाली दुसरी पाटी आली : सोवळ्याशिवाय स्पर्श करू नये. आपणच दिलेल्या यंत्राला हिम्मतराव आता हात लावू शकत नव्हते. कमलताई रिक्षात म्हणाल्या, "त्या माणसाला वाईट वाटलं असेल हो." दिगंबरराव म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." केतकीच्या रीलला खूप लोकांनी हसतानाचे चेहरे पाठवले. ते कौतुक आहे असं तिने आजोबांना सांगितलं.

हिम्मतरावांनी पाटीबद्दल तक्रार केली नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी फक्त एक सूचना मांडली. यंत्र आलंच आहे, तर अड्ड्यावरून फोडलेलं लाकूड कशाला आणायचं? अखंड ओंडके आणा. फोडणावळ वाचेल, यादगिरीला बोलवायला नको, आणि सगळं लाकूड सोवळ्यात फुटेल. आजवर त्यातलं थोडंच सोवळ्यात फुटत होतं, असं मात्र ते म्हणाले नाहीत. सूचना एकमताने मंजूर झाली. एकमतात दिगंबरराव होते, कारण हरकत घ्यायची तर यादगिरीचं नाव घ्यावं लागलं असतं. हिम्मतरावांनी हे मुद्दाम केलं की व्यापारी सवयीने, यावर मंडळात आजही दोन मतं आहेत.

दत्तजयंतीला मागचं अंगण ओंडक्यांनी भरलं होतं. इंजिनाची दोरी ओढणं दिगंबररावांच्या खांद्याला झेपणारं नव्हतं, म्हणून सोवळं सुरू होण्याआधी गौतमने ते चालू करून द्यायचं, मग त्यावर गोमूत्र शिंपडायचं, आणि सेवा संपेपर्यंत बंद करायचं नाही, असा तोडगा निघाला होता. दिगंबरराव कद नेसून आले. स्वयंसेवक लांबून ओंडके आणून पाटावर ठेवत आणि हात मागे घेत. दिगंबरराव दांडा ओढत. सुरुवातीला बघायला लोक होते. नंतर ते आरतीला गेले.

आरती झाली तरी ढीग अर्धासुद्धा झाला नव्हता. खांद्याला काही होत नव्हतं हे खरं, पण पाठ, गुडघे आणि पायांचे तळवे यांचा विचार पुरीच्या न्यायात झालेला नव्हता. पेट्रोलच्या धुराने डोळे चुरचुरत होते. चुलीकडून आचारी सारखा ओरडत होता, "लाकडं येऊ द्या! भात अर्धा राहिलाय!"

"पंगत बसवायची का?" कुणीतरी विचारलं.

"सेवेकरी आल्याशिवाय कशी?"

चारुलताबाई मागे आल्या. "दिगंबरराव, चला. पानं मांडलीत."

"आलोच," ते म्हणाले आणि यंत्रापासून दूर झाले.

"अहो, लाकडं!" आचारी ओरडला. "खिचडा होईल सगळ्याचा!"

"कुणीतरी दोन मिनिटं दांडा ओढा की," चारुलताबाई स्वयंसेवकांना म्हणाल्या. स्वयंसेवकांनी पाटीकडे बोट दाखवलं. शहाण्या मुलांसारखं.

"सोवळ्यात दुसरं कोण आहे?"

पुजारी होते. पण पुजारी पंगतीला बसलेले होते, आणि जेवायला बसलेला माणूस उठला तर त्याचं जेवण तिथेच संपतं. कमलताई लांबून म्हणाल्या, "अहो, पाटी काढून टाका ना." दिगंबररावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या परत गेल्या. पाटी त्यांची होती. आज ती काढली तर उद्या हिम्मतरावांचा हात त्या दांड्यावर असेल.

ते यंत्रापाशी परतले.

पहिलं पान रिकामं ठेवता येत नाही, त्याने पंगतीला दोष लागतो. थोडा विचारविनिमय झाला आणि यंत्राचे दाते म्हणून हिम्मतरावांना तिथे बसवण्यात आलं. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. वाढप त्यांच्यापासून सुरू झालं. जेवणं झाल्यावर ते माईकवर उभे राहिले आणि बराच वेळ बोलले. मागच्या अंगणात इंजिनाच्या आवाजात दिगंबररावांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. टाळ्यांचा कडकडाट तेवढा आला, आणि दारातून बरेच चेहरे त्यांच्याकडे वळलेले दिसले. त्यांनी दांडा सोडून हात जोडले. तेवढ्यात आचारी ओरडला.

त्यांचं जेवण झालं तेव्हा बहुतेक लोक घरी गेले होते. भात गार होता.

रिक्षा काचिगुड्याच्या चौकात सिग्नलला थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "टाळ्या कशाच्या होत्या गं?"

"तुम्हाला काष्ठसेवा आजीव दिली," कमलताई म्हणाल्या. "बिरादारांनी ठराव मांडला. म्हणाले, एवढी निष्ठा आम्ही गावाकडंसुद्धा पाहिली नाही. तुमच्याशिवाय कुणी त्या यंत्राला हात लावायचा नाही, असंही त्यातच घातलंय. सगळ्यांनी उभं राहून मंजूर केलं."

सिग्नल सुटला. दिगंबरराव दोन्ही गुडघे धरून बसले होते. कोठी आली.

"गॅसवर नैवेद्य करायला," मग ते म्हणाले, "शास्त्रात नेमकी हरकत काय आहे, ते एकदा पाहायला पाहिजे."